सुकाणू कुणाच्या हाती?

लेकीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने अमेरिकेत, सिॲटलजवळ राहून आले. परत आल्यावर भिशीत सगळ्यांनी विचारलं, "तिकडं काय काय बघितलंस?" समुद्र, डोंगर, मॉल सगळं सांगून झालं. पण माझ्या मनात घर करून राहिली ती शेजाऱ्यांच्या अंगणातली होडी. आपल्याकडे वाड्यापुढं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते ना, अगदी तशी! ट्रॉलीवर बसवलेली होडी, वर एवढीशी खोली आणि मागं मोटार. आजोबा सत्तरीचे, आजी पासष्टीच्या पुढच्या. उन्हाळा लागला की दोघं होडी गाडीला जोडत आणि दोन-दोन महिने घराला कुलूप!

ह्या होड्या साधारण २२ ते २५ फूट लांब. रुंदी मात्र साडेआठ फुटांच्या आत, कारण त्याहून रुंद होडी तिकडच्या रस्त्यावरून न्यायची तर खास परवाना लागतो. काठाला उताराचा धक्का असतो. ट्रॉली उलटी पाण्यात ढकलत न्यायची, होडी तरंगली की सोडवायची, झालं. म्हणजे आज या नदीत, तर आठवड्यानं हजार किलोमीटरवरच्या तळ्यात.

आजींनी मला आत नेऊन दाखवलं. मी बाई आधी स्वयंपाकघर बघितलं! दोन शेगड्या, पराती एवढं बेसिन. टोकाला दोघांपुरती झोपायची जागा आणि तिच्याखाली डाळ-तांदूळ, कपडे, औषधं. पाण्याची टाकी ७५ लिटरची. म्हणजे आपले पाच हंडे. आठ दिवसांआड नळ येणाऱ्या गावातली मी, मला त्याचं कौतुक वाटेना. पण त्यांना वाटत होतं की मी घाबरले! खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल अक्षरशः पाण्यासारखं जातं. होडी जुनी घेतलेली, तरी हे काम स्वस्तातलं नाहीच.

जातात कुठं? सिॲटलकडची मंडळी बेटांच्या आडोशानं कॅनडाच्या काठाकाठानं थेट अलास्कापर्यंत जातात, सुमारे हजार मैल. काहीजण 'ग्रेट लूप' करतात. अमेरिकेच्या पूर्व भागाला नद्या, कालवे, मोठी सरोवरं आणि समुद्र यांतून घातलेली ही प्रदक्षिणाच! सुमारे सहा हजार मैल, म्हणजे साडेनऊ हजार किलोमीटर. बहुतेकांना वर्ष लागतं. शिकागोजवळ एका पुलाखाली जेमतेम साडेएकोणीस फूट जागा आहे, मोठ्या बोटीवाल्यांना तिथं घाम फुटतो. छोटी होडी खालून सुखानं निघून जाते.

आता खरी गंमत. धक्क्याला होडी लावताना नवरा सुकाणूवर आणि बायको पुढं दोर घेऊन, असाच बहुतेकांचा रिवाज. वारा असतो, मोटारीचा आवाज असतो, एकमेकांचं ऐकू येत नाही. मग जी काय ओरडाओरड होते, ती साऱ्या धक्क्याला ऐकू जाते. त्यावर उपाय म्हणून कानाला लावायची, एकमेकांशी बोलायची यंत्रं मिळतात. होडीवाले त्यांना हसत-हसत 'लग्न वाचवणारं यंत्र' म्हणतात! आपल्याकडेही हवंच हो ते, गाडी मागं घेताना.

जाणकार मात्र वेगळंच सांगतात. ताकद लागते ती दोराला, सुकाणूला लागते नजर. तेव्हा बाईनं सुकाणू धरावं आणि बाप्यानं दोर. शिवाय तो पाण्यात पडला, छातीत कळ आली, तर होडी काठाला कोण आणणार? तिथल्या कोस्ट गार्ड ऑक्झिलरी या स्वयंसेवकांच्या संस्थेनं यासाठी वेगळा वर्गच काढला. नाव 'सडनली इन कमांड', म्हणजे अचानक सूत्रं हाती आली तर. मोटार बंद कशी करायची, पडलेल्याकडं तरंगतं कडं कसं फेकायचं, बिनतारी यंत्राच्या सोळा नंबरवर मदत कशी मागायची, आपण कुठं आहोत ते कसं सांगायचं. आजी म्हणाल्या, आता धक्क्याला होडी त्याच लावतात.

हे ऐकताना मला पोखर्णी आठवली. दोन वर्षांपूर्वी गंगाखेडहून आम्ही दोघंच परत येत होतो. पोखर्णीच्या अलीकडं ह्यांनी गाडी बाजूला घेतली. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम. गाडी दारात येऊन अठरा वर्षं झाली, पण मी स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. हे म्हणायचे, "तुला कशाला हवंय, मी आहे ना." आणि मलाही ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? रस्त्यावर उभी राहून हात करत होते. दोन गाड्या तशाच गेल्या. शेवटी एका टेम्पोवाल्या पोरानं आम्हाला परभणीच्या दवाखान्यात आणलं. पित्त निघालं, बरं झालं. पण ती वीस मिनिटं अजून अंगावर येतात.

आपल्याकडच्या बायका समुद्रावर नाहीत असं नाही. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच 'तारिणी' शिडाच्या बोटीतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २९ मे २०२५ला परत आल्या. पण त्या शिकून-सवरून तयार झालेल्या अधिकारी. आपलं काय? आपण नवरा-बायको दोघंच कधी गावाला गेलोय, आठवून बघा. कुलदैवताला जायचं तरी सासूबाई, नणंद आणि शेजारची दोन पोरं गाडीत!

आपली गोदावरी नाशिकपासून भद्राचलमपर्यंत २०१६च्या कायद्यानं राष्ट्रीय जलमार्गात धरली आहे. कागदावर, बरं का. ढालेगाव, मुदगलच्या बंधाऱ्यांवरून होडी पलीकडं न्यायची सोय नाही आणि उन्हाळ्यात गंगाखेडला पात्रात काय असतं ते तुम्ही बघताच. होडीची हौस फेडायला आम्ही येलदरीला गेलो.

जाताना गाडी मी चालवली. क्लास लावला, लायसन काढलं, जिंतूरपर्यंत तीनदा बंद पाडली. हे शेजारी बसून पायानं हवेत ब्रेक मारत होते, पण तोंडानं गप्प.

धरणाच्या पाण्यावर सकाळी एक मासेमारी करणारं जोडपं होतं. तो उभा राहून जाळं सोडत होता, खाली बघत. ती मागं बसून वल्हवत होती. होडी कुठं वळवायची हे तिचं तीच ठरवत होती. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. आम्ही बराच वेळ काठावर बसून होतो. निघताना ह्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.