जुन्या मोटारीचे भरकटणारे स्टिअरिंग



मोटार म्हातारी झाली म्हणजे तिच्या तक्रारींना अंत नसतो. परंतु सगळ्याच तक्रारी सारख्या तोलाच्या नसतात. इंजिन बंद पडले तर माणूस फार तर रस्त्याच्या कडेला खोळंबून राहतो. स्टिअरिंग बिघडले तर कडेला सुखरूप उभे राहता येईल याचीही हमी उरत नाही. असे असूनही गॅरेजात या दुखण्याची जितकी हेळसांड होते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल. ‘‘स्टिअरिंगला प्ले आलाय’’ असे मालकाने म्हणावे, मिस्त्रीने स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा आवळावा आणि दोघांनीही समाधान मानावे, असा हा प्रकार आहे. तो स्क्रू सर्वांत शेवटी हात लावायची वस्तू आहे. तोवरचा तपास कसा करावा, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम तक्रारीला नीट नाव दिले पाहिजे. हातातले चक्र थोडे फिरवूनही पुढची चाके हलत नाहीत, तेव्हा तो ढिलेपणा. यालाच ‘प्ले’ म्हणतात. चक्र स्थिर धरूनही गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते आणि चालकाला सारखी दुरुस्ती करावी लागते, तेव्हा ते भरकटणे. गाडी नेहमी एकाच बाजूला खेचत असेल तर ती ओढ होय. तिची कारणे बहुधा एका चाकातली कमी हवा किंवा एका बाजूचा चिकटून राहणारा ब्रेक अशी असतात. आपले रस्ते पाणी वाहून जाण्यासाठी कडेकडे उतरते बांधलेले असतात. तेव्हा डावीकडची किंचित ओढ हा रोगच नव्हे. ढिलेपणा आणि भरकटणे मात्र बरोबर येतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. वस्तुतः ढिलेपणा नसतानाही गाडी भरकटू शकते.

ढिलेपणाचा हिशेब एकदा मांडून पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. उदाहरणार्थ, चक्राचा व्यास १६ इंच आहे आणि त्याच्या कडेला २ इंचांचा प्ले आहे असे समजा. हे २ इंच म्हणजे चक्राचे सुमारे १४ अंश. चक्र १४ अंश फिरले की चाक १ अंश वळते असे प्रमाण धरले, तर रस्त्यावरच्या चाकाला १ अंशाची मोकळीक मिळाली. म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा अंश. अर्धा अंश ऐकायला किती क्षुल्लक! पण ८० इंच अंतरावर पुढची-मागची चाके असलेली जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर अर्ध्या अंशाने वळलेली चाके तिला एका सेकंदात सुमारे दोन फूट बाजूला नेतात. अरुंद रस्त्यावर समोरून एस. टी. येत असता दोन फूट म्हणजे काय, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

आता हा १ अंश येतो कोठून? येथे आपण जुन्या जीपचेच उदाहरण घेऊ. महिंद्र कंपनीने विलीज जीप मुंबईत जुळविण्यास १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रारंभ केला, आणि मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे रंगविलेल्या त्या गाड्या पुढे कित्येक वर्षे आपल्या तालुक्यांतून धावल्या. त्यांच्या स्टिअरिंगची साखळी अशी: चक्राचा दांडा स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो, बॉक्समधून एक भुजा खाली लोंबते, ती भुजा एका लांब दांड्याला, म्हणजे ड्रॅग लिंकला, मागेपुढे ढकलते, ड्रॅग लिंक पुढच्या बाजूच्या बेलक्रँक नावाच्या कोपराला फिरवते, आणि त्या कोपरापासून दोन टायरॉड दोन चाकांकडे जातात. ड्रॅग लिंकचे दोन गोळे, बेलक्रँकची बेअरिंग, टायरॉडचे चार सांधे आणि शेवटी चाके ज्यांवर वळतात ते किंगपिन, इतके सांधे ओलांडून हाताची आज्ञा रस्त्यापर्यंत पोहोचते. चाकाकडची भुजा ६ इंच लांब धरली, तर तिच्या टोकाशी १ अंश म्हणजे पावणेतीन मिलिमीटरही नव्हेत. पाच सांध्यांनी प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झीज दिली की हिशेब जवळजवळ पुरा झाला. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे. म्हणूनच एकेक सांधा हाताने हलवून ‘‘हा चांगला आहे, हाही चांगला आहे’’ असे म्हणणारा मिस्त्री खोटे बोलत नसतो, आणि तरीही गाडी वाईटच असते.

तपासाची सुरुवात टायरांपासून करावी, कारण तीत खर्च नाही. चारही चाकांतली हवा थंड असताना मोजावी. टायर एका जातीचे आहेत की नाहीत ते पाहावे. जुन्या क्रॉसप्लाय टायरांच्या गाडीला कोणी पुढे दोनच रेडियल बसविले, किंवा एकाच आसावर एक जात इकडे नि दुसरी तिकडे घातली, तर सगळे सांधे नवे असूनही गाडी सरळ चालत नाही. हे ढिलेपणाविना भरकटण्याचे सर्वांत सामान्य कारण होय.

त्यानंतरची परीक्षा दोन माणसांची आहे. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर टेकलेली, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दगडाची ओट लावलेली. एकाने आत बसून चक्र डावी-उजवीकडे हलके हलके हलवत राहावे. दुसऱ्याने खाली जाऊन साखळीतल्या प्रत्येक सांध्यावर बोट असे ठेवावे, की अर्धे बोट सांध्याच्या अलीकडच्या भागावर नि अर्धे पलीकडच्या भागावर येईल. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला कळते. जेथे गती आत शिरते पण पलीकडे उशिरा निघते, तेथे झीज आहे. प्रत्येक ठिकाणी ‘थोडा’, ‘बराच’ असे कागदावर लिहून ठेवावे. याच वेळी स्टिअरिंग बॉक्स चासीवर जेथे बोल्टांनी बसविला आहे तेथे नीट पाहावे. बोल्ट सैल झाले किंवा तेथील पत्र्याला तडा गेला, तर चक्र फिरविताना सबंध बॉक्सच अंग मुरडतो. आतील दाते निर्दोष असूनही प्ले दिसतो तो असा.

मग पुढचा आस जॅकने उचलून मजबूत घोड्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी, धरून हलवावे. ते डुगडुगले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा किंवा किंगपिनचा. या दोहोंतला चोर पकडण्याची युक्ती सोपी आहे. आत बसलेल्याला पायाचा ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ब्रेकमुळे ड्रम आणि त्यामागची स्थिर थाळी एक होतात. त्यामुळे डुगडुग थांबली तर ती चाकाच्या बेअरिंगची होती, चालूच राहिली तर किंगपिनची. नंतर चाक ९ आणि ३ च्या जागी धरून हलवावे. हा खेळ बहुधा टायरॉडच्या सांध्यांचा असतो.

पुढचे सगळे ठीक निघाले म्हणजे लोक बुचकळ्यात पडतात, कारण मागे पाहण्याचे कोणाच्या मनातच येत नाही. मागचा आस पाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेला असतो. ते सैल झाले, पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला किंवा शॅकलचे बुश झिजले, तर तो आस खड्ड्याखड्ड्याला तिरका होतो आणि गाडीला मागूनच वळवू लागतो. होडीचे सुकाणू मागेच असते, हे आठवले म्हणजे याचे नवल वाटणार नाही.

यानंतर चाकांची ठेवण. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो. त्याच्या मागच्या नळीची रेषा जमिनीपर्यंत वाढविली तर ती चाक जेथे टेकते त्या बिंदूच्या पुढे जाऊन मिळते. त्यामुळे चाक त्या रेषेच्या मागे ओढले जाते, आणि मुले हात सोडून सायकल चालवू शकतात. मोटारीतही किंगपिनचा माथा असाच मागे कललेला ठेवतात. त्याला कॅस्टर म्हणतात. विलीज जीपला तो ३ अंश दिलेला आहे, आणि दोन्ही चाकांची पुढची टोके ३/६४ ते ३/३२ इंच एकमेकांकडे वळलेली असावीत असे ठरलेले आहे, हा टो-इन. पाटे बसले किंवा उंची वाढविण्याच्या हौसेने शॅकल लांब केले की कॅस्टर बदलतो. तो कमी झाला तर वळणानंतर चक्र आपण होऊन मध्यावर येत नाही, आणि गाडी भरकटते. मात्र सैल सांध्यांवर अलाइनमेंट करून घेणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. आज मोजलेले माप उद्या राहणारच नाही.

इतके झाल्यावर मग स्टिअरिंग बॉक्स. गाडी बहुतेक काळ सरळ चालते, म्हणून आतील गरारी मध्यभागी सर्वांत अधिक झिजते, टोकांना कमी. मधला सगळा प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर टोकाकडे दाते एकमेकांत घट्ट रुततात. मध्येदेखील घर्षण वाढते, आणि चक्राची आपण होऊन परत येण्याची शक्ती मरते. चालकाला वाटते प्ले गेला. प्रत्यक्षात गाडी पूर्वीपेक्षा जास्त भरकटते, आणि खऱ्या झिजलेल्या सांध्यावर पांघरूण पडते. यास्तव आधी बॉक्समधले तेल पाहावे, ड्रॅग लिंक सोडवावी, चक्र मध्यावर आणावे, मग अगदी थोडे आवळून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कोठेही जड लागले तर स्क्रू मागे घ्यावा. त्यानंतरही प्ले उरला तर आतील भाग बदलण्याची वेळ आली असे समजावे.

अ‍ॅम्बेसिडरची गोष्ट थोडी वेगळी आहे. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या आणि उत्तरपाऱ्यास २०१४ पर्यंत निघत असलेल्या या गाडीत बॉक्सऐवजी रॅक आणि पिनियन आहे. सांधे कमी, म्हणून ढिलेपणाही मुळात कमी. तेथे रॅक धरून ठेवणारे बोल्ट आणि रॅकच्या टोकांचे गोळे पाहावेत. विशेषतः त्यांवरचे रबरी बेलोज फाटले आहेत काय ते पाहावे. फाटक्या बेलोजमधून एका पावसाळ्याचा चिखल आत गेला की झिजेला वेळ लागत नाही. टायर, किंगपिन किंवा त्यांच्या जागचे सांधे, मागचे पाटे यांचा क्रम मात्र तोच.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी मोकळ्या मैदानावर सावकाश चालवून पाहावी; चार गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. सांधा बदलला की टो-इन पुन्हा मोजावा. ज्या नटांना स्प्लिट पिन असते त्यांना नवी पिन घालावी; जुनी सरळ करून पुन्हा वाकविण्यात चार आण्यांचीही बचत नाही, आणि त्या पिनेच्या भरवशावर मात्र गाडीतली सगळी माणसे घाट उतरतात. प्ले हळूहळू वाढतो, चालकाचे हात त्याला नकळत सरावतात, आणि रोज चालविणाऱ्याला आपली गाडी ठीकच वाटत राहते. म्हणून जुन्या गाडीच्या मालकांना आमची विनंती आहे, की वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सोबत एक माणूस घेऊन बोटांची ही परीक्षा करावी. तिला अर्धा तास लागतो.