इफिसची मंडळी: बायबलात आणि कादंबरीत
इफिस हे आजच्या तुर्कस्तानातले रोमनकालीन बंदर. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा अभ्यास ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 19व्या अध्यायापासून सुरू करावा. प्रेषित पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे शिकवले. जादूटोण्याची पुस्तके जाळली गेली; किंमत भरली 50,000 रुप्याची नाणी! अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय पौलाच्या शिकवणीमुळे धंदा बुडेल म्हणून चवताळला आणि सारे नगर नाट्यगृहात लोटले. हा प्रसंग सावकाश वाचण्याजोगा आहे. देवीच्या नावाआड पोटापाण्याची चिंता स्पष्ट दिसते. पुढे प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात याच मंडळीवर पहिली प्रीती सोडल्याचा ठपका येतो.

आता कादंबरीकडे: फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘अ व्हॉइस इन द विंड’ (1993) ही प्रेमकथा रोम आणि इफिसमध्ये घडते. यरुशलेमच्या पाडावानंतर गुलाम म्हणून विकली गेलेली ख्रिस्ती तरुणी हदस्सा तिची नायिका.