लायडनमध्ये राहून गेलेला जावाचा गणपती

हॉलंडला जाणारे आपले लोक आम्स्टरडॅम पाहतात, फार तर हेगला चक्कर मारतात. लायडनला सहसा कोणी उतरत नाही. हे शहर कधी राजधानी नव्हते. मात्र जावा बेटावरील एका जुन्या राजधानीचे देव येथे शे-दोनशे वर्षे राहून गेले, आणि आपल्या मॉरिशसचा धागाही येथे सापडतो. म्हणून वाचकहो, तिकडे गेलात तर एक दिवस लायडनसाठी ठेवा.

शहर पायी पाहण्याजोगे आहे. मार्गदर्शकाबरोबरची फेरी घ्यायची तर भाषेची चौकशी आधी करावी. पुष्कळ फेऱ्या डच भाषेत असतात. प्रत्येक मार्गदर्शक 1574 च्या वेढ्याची कथा सांगतोच. स्पॅनिश सैन्याने शहर वेढले, आत हजारो माणसे भुकेने व रोगराईने मेली. अखेर डच लोकांनी आपलेच बांध फोडले, शेतांत पाणी सोडले आणि त्या पाण्यावरून नावा आणून शहर सोडवले. 3 ऑक्टोबरला लायडनमध्ये आजही हेरिंग मासा व पांढरा पाव वाटतात. आपल्या पूर्वजांच्या उपासमारीची आठवण इतक्या आपुलकीने जपणारे लोक मला आवडले.

वेढ्यानंतर, 1575 साली, येथे विद्यापीठ निघाले. त्याच्या जुन्या इमारतीत एक लहानशी खोली आहे. तिला घामाची खोली म्हणतात. परीक्षेला बोलावणे येईपर्यंत विद्यार्थी तेथे बसत, आणि पदवी मिळाली की भिंतीवर सही करत. (आमच्या शाळेत कोणी भिंतीवर नाव लिहिले तर आम्ही शिक्षक त्यालाच पुसायला लावतो!) इमारतीच्या मागे 1590 साली स्थापन झालेली वनस्पतींची बाग आहे. तिचा पहिला प्रमुख क्लुसियस याने 1605 च्या आपल्या ग्रंथात आपल्या डोडो पक्ष्याचे वर्णन व चित्र छापले. जिवंत डोडो त्याने पाहिला नव्हता. येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक पाऊ यांच्या घरी त्याने डोडोचा एक पाय तेवढा पाहिला होता.

आता त्या राजधानीकडे वळू. तेराव्या शतकात पूर्व जावात सिंगसारी नावाचे राज्य होते. 1222 साली ते उभे राहिले, 1292 साली बुडाले. आजच्या मलांग शहराजवळ त्याचे देऊळ आहे. 1804 साली एंगेलहार्ड नावाच्या डच अधिकाऱ्याने तेथील मूर्ती उचलून समारंग येथे आपल्या बागेत नेल्या. 1819 साली त्यांतील काही हॉलंडला रवाना झाल्या आणि पुढे लायडनच्या संग्रहालयात बसल्या. त्यांत दुर्गा होती, महाकाल, नंदीश्वर होते आणि गणपतीही होता.

2023 पूर्वी गेल्यामुळे मला तो गणपती तेथे पाहायला मिळाला. बैठक कवट्यांची, अंगावर दागिनेही कवट्यांचे. आपल्या घरी पाटावर बसून मोदक घेणारा बाप्पा तो नव्हे. तरी सोंड पाहताच हात आपोआप जोडले गेले. माहिती सांगणाऱ्या बाईंनी दगड कोणता, शतक कोणते, हे नीट सांगितले. मूर्ती जावाहून येथे कशी आली, हे मात्र एका वाक्यात आटोपले. वेढ्याला अर्धा तास मिळाला होता.

जावाचा आणि आपला संबंध लहानसहान नाही. डच कंपनीने 1638 साली आपल्या बेटावर वसाहत केली. पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणला, हरणेही आणली. मागाहून मादागास्करहून गुलाम आणले. 1710 साली डच निघून गेले, ऊस राहिला. त्याच उसासाठी 1834 पासून गिरमिटिये आले. मुंबई बंदरातून कोकणातले आपले पूर्वजही त्याच उसाच्या कामाला आले. ज्या जावाचा ऊस आपल्याकडे आला, त्याच जावाचा गणपती लायडनला गेला. मुलांना हॉलंडचा धडा शिकवताना आम्ही डोडो आणि प्रिन्स मॉरिस एवढ्यावर थांबतो. हे दुसरे टोक धड्यात यायला हवे.

इंडोनेशियाने या मूर्ती अनेक वर्षे मागितल्या. प्रज्ञापारमितेची प्रसिद्ध मूर्ती 1978 मध्येच परत गेली होती. दुर्गा, महाकाल, नंदीश्वर व गणपती यांना 2023 साल उजाडावे लागले. त्या जुलैत लायडनच्या त्याच संग्रहालयात परतीचा समारंभ झाला, आणि 2024 मध्ये आणखी मूर्ती गेल्या. आता गणपतीच्या दर्शनाला लायडनला जाऊन उपयोग नाही; जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयाची वाट धरावी. तेथून वेळ काढता आला तर मलांगलाही जावे. सिंगसारीचे देऊळ अजून उभे आहे. त्याच्या जवळच दोन अवाढव्य द्वारपाल दगडी गदा घेऊन बसले आहेत. ते तेथून कधी हललेच नाहीत.