भाड्याची तूट आणि नगरपालिकेचा विवेक

ब्रिटनमध्ये बेकाराचे, आजाऱ्याचे किंवा तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाचे घरभाडे सरकार भरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. सरकार भाड्यासाठी पैसे देते ते बहुधा प्रत्यक्ष भाडे पाहून नव्हे, तर स्वतः ठरविलेल्या मापाने. माप आणि भाडे यांत जी तूट राहील, ती भाडेकरूने अन्नवस्त्राच्या पैशांतून भरावयाची. ही तूट काही अंशी भरून निघावी म्हणून 2001 च्या जुलैमध्ये एक योजना सुरू झाली. 'डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंट' हे तिचे नाव. म्हणजे स्थानिक नगरपालिकेने आपल्या विवेकाने द्यावयाचे जादा भाडेसाहाय्य.

तूट पडते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. खासगी घरमालकाच्या घरासाठी 2008 पासून 'लोकल हाउसिंग अलाउन्स' हे माप देशभर लागू झाले. परिसरातील भाडी चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधले भाडे प्रमाण मानावयाचे, अशी आरंभीची रीत होती. 2011 मध्ये ते खाली आणले गेले. शंभर घरांपैकी तिसाव्या घराचे भाडे आता प्रमाण ठरले, म्हणजे साहाय्यावर जगणाऱ्याला दहांतील तीनच घरे परवडावीत असा हिशेब झाला. तोही पुढे टिकला नाही. 2016 पासून चार वर्षे हे दर गोठविले गेले, 2020 मध्ये सुधारले, पुन्हा गोठविले आणि 2024 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुधारले. घरमालकांची भाडी मात्र मध्यंतरी गोठलेली नव्हती. समजा, भाडे महिना 900 पौंड आणि माप 750 पौंडांचे. तर उरलेले 150 पौंड कोठून आणावयाचे?

नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थेच्या घरांत राहणाऱ्यांवर 2013 च्या एप्रिलपासून निराळाच प्रसंग आला. घरात एक शयनगृह 'अधिक' असल्यास साहाय्याच्या हिशेबात धरावयाच्या भाड्यातून 14 टक्के, दोन वा अधिक असल्यास 25 टक्के कपात. लोकांनी याला 'शयनगृह-कर' असे नाव दिले आणि ते रूढ झाले. लहान घरात जावे, हा सरकारचा उपदेश. परंतु लहान घरे पुरेशी बांधलेलीच नव्हती. त्याच वर्षी एका कुटुंबाच्या एकूण साहाय्यावर वर्षाला 26,000 पौंडांची कमाल मर्यादा आली. 2016 मध्ये ती लंडनमध्ये 23,000 आणि अन्यत्र 20,000 पौंडांवर उतरविण्यात आली.

या कपातींबरोबरच विवेकाधीन निधी फुगत गेला, हे विशेष. प्रारंभीच्या वर्षांत सरकार त्यासाठी दरसाल सुमारे 2 कोटी पौंड देई. 2013-14 मध्ये ते 18 कोटी देऊ लागले. एका हाताने कायद्याने काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने मर्जीने परत द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. पुढे 2022-23 मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी ही रक्कम 10 कोटींवर आली; शयनगृह-कर मात्र तसाच राहिला.

मर्जी आणि हक्क यांतील फरक अर्जदाराला कचेरीत कळतो. अर्जात घरचा जमाखर्च ओळीओळीने मांडावा लागतो. साहाय्य मिळाले तरी ते बहुधा काही महिन्यांपुरतेच असते. नकार मिळाल्यास न्यायाधिकरणाकडे अपील नाही. नगरपालिकेलाच फेरविचार करावयास सांगता येते. त्यापुढे उच्च न्यायालयात निर्णयाची कायदेशीरता तेवढी तपासून घेता येते. तरी विवेकालाही मर्यादा आहेत. अपंगत्वाबद्दल शुश्रूषेसाठी मिळणारा भत्ता सँडवेल नगरपालिका अर्जदाराची मिळकत म्हणून धरीत असे. हे धोरण 2015 मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरविले.

स्कॉटलंडने याच योजनेचा उपयोग वेगळ्या रीतीने केला. इंग्लंड-वेल्समधील नगरपालिकेला सरकारी रकमेच्या अडीचपटीपर्यंतच एकूण खर्च करण्याची मुभा होती. स्कॉटलंडने 2014 मध्ये ही मर्यादा काढली आणि आपले पैसे घालून शयनगृह-कराची सारी झीज भरून दिली. कायदा तोच, भाडेकरूचे नशीब मात्र सीमेच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरे!

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर उलट दिशेने शोधले गेले. मुंबई राज्याच्या 1947 च्या कायद्याने भाडेच बांधून टाकले. भार घरमालकावर पडला आणि इमारतींची डागडुजी थांबली. ब्रिटनने घरमालकाचे भाडे मोकळे सोडून भार सरकारी तिजोरीवर घेतला, आणि तिजोरीने हात आखडताच तो भाडेकरूवर आला.

1 एप्रिल 2026 पासून इंग्लंडपुरती ही योजना 'क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड' या नव्या निधीत विलीन करण्याचे सरकारने 2025 मध्ये ठरविले. भाड्याच्या तुटीसाठीचे साहाय्य त्यातही राहील, असे सांगण्यात आले. हे साहाय्य मागण्यापूर्वी 'हाउसिंग बेनिफिट' किंवा 'युनिव्हर्सल क्रेडिट'मधील घरभाड्याचा भाग मिळत असावा लागे. लंडन-स्लाऊकडे नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांना सार्वजनिक निधीतून साहाय्य न घेण्याची अट असते. त्यामुळे मूळ साहाय्यच त्यांना मिळत नाही आणि जादा साहाय्याचा प्रश्नही उद्भवत नाही. नोकरी गेली की भाडे स्वतःच्या शिलकीतूनच द्यावे लागते.