मजले का चढत नाहीत?

गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "पुण्यात पोरांना खोली मिळेना. मग वर मजले का चढवत नाहीत?"

मजले मालकाच्या मर्जीनं चढत नाहीत. जागेच्या किती पट बांधायचं, हे नियम ठरवतो. त्याला चटईक्षेत्र म्हणतात. दोन चटईक्षेत्र म्हणजे हजार फूट जागेवर दोन हजार फूट बांधकाम. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून बहुतेक राज्याला एकच नियमावली आली. तिच्यात समोरचा रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त. आगीचा बंब आत शिरायला नको का?

नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. टीडीआर म्हणजे रस्त्याला, बागेला जमीन दिलेल्याकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क. म्हणून २०२० मध्ये पुणे महापालिकेनं सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचं ठरवलं. पण ती जागा जाते घरमालकांच्या अंगणातून. अन् मजले वाढले की भाडं लगेच उतरतं, असंही नाही.

हे नियम आपल्या पारनेर नगरपंचायतीलाही आहेत. तिथं जागा घ्यायची असेल, तर समोरचा रस्ता आराखड्यात किती मीटरचा दाखवलाय, ते आधी कार्यालयात बघा. डोळ्यांना दिसतो तो नव्हे.