कतारमध्ये जागा घेताय? हक्क कोणता, ते आधी विचारा

दोहातल्या मराठी मंडळींमध्ये घराचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, परदेशी माणसाला इथे जागा घेताच येत नाही. दुसरं, पैसे असले की कुठेही मिळते. दोन्ही चुकीची आहेत.

२०१८ च्या कायदा क्र. १६ नंतर, २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बिगर-कतारींसाठी २५ भाग ठरवून दिले. द पर्ल, लुसैल, अल खोर रिसॉर्ट अशा ९ भागांत पूर्ण मालकी मिळते. बाकीच्या १६ भागांत मिळतो तो उपभोगाचा हक्क, ९९ वर्षांपर्यंतचा. मशेरेब, नजमा, अल साद, उम्म घुवैलिना ही आपल्या रोजच्या वावरातली नावं या दुसऱ्या यादीत येतात. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घर घेतलेल्यांना मालकी आणि मुदतीचा हक्क यांतला फरक वेगळा सांगायला नको.

खरा घोटाळा होतो तो पुढे. जागा नावावर झाली म्हणजे तिचं काहीही करता येतं, असं अनेकजण धरून चालतात. पण नोंदणी न्याय मंत्रालयाकडे होते, आणि त्या भूखंडावर काय उभं राहील हे नगरपालिका मंत्रालयाचे झोनिंग नियम ठरवतात: वापर, उंची, सोडायची मोकळी जागा, पार्किंग. बांधकामाला किंवा फेरफाराला परवाना लागतो, तो १९८५ च्या कायदा क्र. ४ खाली.

व्हिलाचं पार्टिशन हे याचं रोज दिसणारं उदाहरण. एका कुटुंबाच्या घरात जिप्समच्या भिंती उभ्या करायच्या, जिन्याखाली ओटा घालायचा आणि एकेक खोली भाड्याने द्यायची. 'सगळेच करतात' हा काही परवाना नव्हे. कामगारांना ठेवायचा विचार असेल तर २०१० चा कायदा क्र. १५ आड येतो. कुटुंबांच्या रहिवासी भागात कामगारांची वसाहत करायला त्याने बंदी घातली आहे.

राहण्याच्या परवान्याबद्दलही ऐकीव माहितीच जास्त. ठरलेल्या भागात किमान ७,३०,००० रियालची मालमत्ता असेल तर निवास परवाना मिळू शकतो, नागरिकत्व नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात पैसे गुंतवत असाल, तर विकासकाचा परवाना आणि एस्क्रो खातं तपासा. २०१४ च्या कायदा क्र. ६ ने ते बंधनकारक केलं आहे. आणि टोकन देण्याआधी भूखंडाचा झोन कोणता, हे दलालाकडून नव्हे, नगरपालिकेकडून लेखी घ्या.