शोभेल तो रंग

रेडिओवरून रंगांविषयी बोलायचं म्हणजे मोठी गंमतच आहे. मी कोणत्या रंगाची साडी नेसून इथं बसले आहे ते तुम्हाला दिसत नाही. पण मी नुसतं 'अंजिरी' म्हटलं, की तो रंग तुमच्या डोळ्यांपुढे आला की नाही? डाळिंबी, आमसुली, वांगी, मोतिया, अबोली, मोरपंखी, श्रीखंडी. आपल्या आया-आज्यांनी रंगांना नावं दिली ती स्वयंपाकघरातून आणि परसातून. त्यामुळे रंग दाखवायला मला कापड लागणार नाही. आज बोलायचं आहे ते पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांनी यातले कोणते रंग अंगावर घालावेत, याविषयी.

कापडाच्या दुकानात तुम्हालाही हा अनुभव आला असेल. आपण काउंटरसमोर बसतो. दुकानातला मुलगा आपल्या केसांकडे एक नजर टाकतो आणि समोरची रंगीत चळत बाजूला सारून म्हणतो, "थांबा मावशी, तुमच्या वयाला शोभेल असं दाखवतो." मग कपाटातून निघतात बदामी, राखाडी, धुरकट आणि फिकट मातकट. सगळे 'सोबर' रंग. मुलगा बोलायला अदबीचा असतो, त्याच्यावर रागावताही येत नाही.

पण तो 'शोभेल' हा शब्द मात्र मला अडवतो. मराठीत शोभणं दोन प्रकारचं आहे. 'तुला हा रंग शोभतो' म्हणजे तुझा चेहरा त्यात खुलतो. आणि 'हे तुला शोभत नाही' म्हणजे लोक नावं ठेवतील. पहिल्याचा निवाडा आरसा करतो, दुसऱ्याचा शेजारपाजार. तरुणपणी आपण पहिला प्रश्न विचारतो. वय वाढलं की नकळत दुसरा विचारायला लागतो, आणि शब्द तोच असल्यामुळे प्रश्न बदलला हे आपल्या ध्यानातही येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे जुना आणि कडवट इतिहास आहे. ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवांना लाल आलवण नेसावं लागे. इतर कित्येक घरांत विधवेच्या वाट्याला पांढरं कापड येई. म्हणजे लाल काय आणि पांढरा काय, रंगाचा त्यात काही दोष नव्हता. लांबून पाहणाऱ्याला बाई कोण आहे ते कळावं, एवढंच त्या रंगाचं काम होतं. आमच्यात पतीच्या निधनानंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत असते आणि त्या काळात शृंगार टाळायचा असतो. इद्दत संपली की रंगांवर धर्माचं बंधन उरत नाही. तरीही त्यानंतर जन्मभर पांढरी ओढणी घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं, रंगीत घे असंही कुणी सांगितलं नव्हतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे सगळं थांबवायचं असं गावानं ठरवलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही त्याच वाटेनं जायला सांगितलं. फार चांगलं झालं. पण कपाटातल्या साड्यांचा ठराव ज्या-त्या बाईला स्वतःच करावा लागतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे, आरशाकडे येऊ. वयानं चेहऱ्यात नेमकं काय बदलतं? तरुण चेहऱ्यावर निसर्गानंच रेखाटन केलेलं असतं. काळेभोर केस, भुवया, पापण्या, ओठांचा रंग, डोळ्यांतलं पांढरं हे सगळं त्वचेपासून वेगळं उठून दिसतं. पुढे केसांच्या मुळाशी रंगद्रव्य तयार होणं मंदावतं, भुवया विरळ होतात, ओठ फिकटतात. त्वचेचा रंगही सगळीकडे सारखा राहत नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांवर डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला काळसर छटा येते. थोडक्यात, चेहऱ्यातला उठाव कमी होतो. समोरचा माणूस नकळत या उठावावरूनही आपलं वय ताडतो, हे मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून तपासलेलं आहे.

अशा चेहऱ्याखाली त्याच्याच रंगाच्या जवळ जाणारं बदामी नाहीतर मातकट कापड आलं की काय होईल? चेहरा आणि कापड एकमेकांत विरघळतात. केस राखाडी, साडी राखाडी, चेहराही राखेसारखा. दुकानातल्या मुलाचे सोबर रंग बहुतेक वेळा बाईला आहे त्यापेक्षा थकलेली दाखवतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काय भडक नेसायचं? तसंही नाही. झगझगीत पोपटी किंवा चमकता केशरी घातला की माणसं साडीशीच बोलतात, आपल्याशी नाही. मला वाटतं, या वयाला सर्वांत जास्त साथ देतात ते मधले, खोल रंग. अंजिरी, कोनफळी, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, शाईसारखा निळा. त्यांत रंग भरपूर असतो आणि झगमगाट कमी. पैठणीतला धूपछाँवही तसाच. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. त्यामुळे कापड हललं की रंग हलतो, एकाच जागी डोळ्यांत खुपत नाही. येवल्याच्या विणकरांना हे कुणी शिकवायला नको.

शेजारी बसलेले रंग एकमेकांना बदलतात, हे शास्त्र कसं पुढे आलं त्याची एक गोष्ट आहे. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा विणकामाचा सरकारी कारखाना होता. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला, तर रंगात काहीच खोट नाही! तो काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणलेला होता आणि त्या संगतीत तो फिका दिसत होता. पुढे १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात बायकांच्या कपड्यांच्या रंगांचाही विचार केला. हे गृहस्थ स्वतः १०२ वर्षं जगले, तेव्हा उतारवयाच्या विषयात त्यांचा दाखला द्यायला हरकत नाही.

शेव्रल यांचा नियम असा, की रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःपासून दूर ढकलतो. गडद हिरव्याच्या शेजारी त्वचेतली लाली वाढल्यासारखी वाटते. निळ्याशेजारी तिच्यातली ऊबदार पिवळसर झाक पुढे येते. पण कापड दुसरंही एक काम करतं, आणि ते अगदी उलट असतं. त्याच्यावर पडलेला उजेड तो हनुवटीवर, गालांवर फेकतं, आणि तो उजेड कापडाच्याच रंगाचा असतो. सिनेमाच्या शूटिंगला पाहिलं असेल, कुणीतरी पांढरा थर्माकोलचा तक्ता नटीच्या चेहऱ्याखाली धरून उभा असतो. डोळ्यांखालच्या आणि ओठांच्या बाजूच्या सावल्या त्या उजेडानं पुसट होतात. आपला पदर हा तसाच तक्ता. फिकट गुलाबी किंवा मोतिया रंग चेहऱ्यावर उजेड टाकतो. चमकदार पोपटी गळ्याशी आला तर चेहऱ्यावर हिरवट झाक येते आणि माणूस आजारी वाटतो. ठार काळा उजेड गिळून टाकतो, म्हणून सुरकुतीची रेघ अधिक खोल दिसते. आता कोणत्या कापडात ढकलणं जिंकेल आणि कोणत्यात उजेड, हे कापडाच्या चकाकीवर आणि ते चेहऱ्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. त्यामुळे 'सावळ्यांनी हे घालावं, गोऱ्यांनी ते' अशा तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. १९८० साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकानं बायकांना चार ऋतूंमध्ये वाटून टाकलं होतं आणि ते फार गाजलं. पण काळ्या केसांच्या नि काळ्या डोळ्यांच्या आपल्यासारख्या बहुतेकजणी त्यात एकट्या हिवाळ्यातच जाऊन बसतात. सगळा देश एका ऋतूत कोंबून कसं चालेल?

त्यापेक्षा घरच्या घरी करून बघा. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. थेट ऊन नको, नुसता उजेड हवा. चेहरा धुतलेला, पावडर नाही, केस आहेत तसे मोकळे. घरातल्या साड्या, ओढण्या, ब्लाउजपीस जे असेल ते एकेक करून हनुवटीखाली धरा आणि कापडाकडे बघू नका. चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांखालचा काळेपणा वाढला की कमी झाला? जबड्याची कड स्पष्ट दिसते की मानेत मिसळते? कापड काढल्यावर चेहरा बरा वाटला, तर तो रंग आपला नव्हे.

माझ्या शेजारी राहणाऱ्या बाई एकदा अशाच माझ्याकडे आल्या. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती आणि पुतण्याचं लग्न होतं. हातात दोन साड्या. म्हणाल्या, "आपा, अंजिरी चालेल का हो?" मी म्हटलं, "वहिनी, चालेल का ते मला नका विचारू. आधी इथं उजेडात बसा." अंजिरी गळ्याशी धरली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की त्या स्वतःच गप्प झाल्या. मग बदामी धरली. ती त्यांनी आपणहून बाजूला ठेवली. लग्नाला मात्र त्या मोतिया साडी नेसून आल्या, आणि ब्लाउज अंजिरी. पुढच्या दिवाळीला अख्खी साडी नेसल्या.

ब्लाउजची ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. चेहऱ्यावर परिणाम करतो तो गळ्यापासून खांद्यापर्यंतचा वीतभर रंग; निऱ्यांचा रंग कोणता का असेना. म्हणून कपाटातल्या फिकट साड्या काढून टाकायची गरज नाही. मीटरभर कापडाचा खोल रंगाचा ब्लाउज शिवला की तीच साडी जिवंत होते. डोक्यावरून पदर घेणाऱ्या किंवा ओढणी बांधणाऱ्या बायकांनी तर अधिकच जपून निवडावं, कारण त्यांच्या चेहऱ्याला चारही बाजूंनी कापडाचीच चौकट असते, केसांची मदत नसते. वर काळा बुरखा असला तरी आतल्या ओढणीचा रंग आपल्या हातात असतो, आणि एखादी फिकी जांभळी किंवा मोतिया ओढणी खूप काम करून जाते.

केसांचं वेगळं गणित आहे. तेलानं पिवळसर झालेले पांढरे केस निळसर पांढऱ्या, म्हणजे नीळ घातलेल्या शुभ्र साडीशेजारी आणखी पिवळे दिसतात. तिथं मोतिया किंवा सायीचा रंग बरा. केस स्वच्छ रुपेरी आणि त्वचा काळीसावळी असेल, तर मात्र शुभ्र पांढऱ्यासारखा देखणा रंग नाही. मेंदी लावणाऱ्यांचे पांढरे केस नारिंगी होतात, कारण खाली काळा रंगच उरलेला नसतो. त्यांनी राणी रंगापासून चार हात लांब राहावं आणि गडद हिरव्या-निळ्याशी मैत्री करावी. आणि कलप लावायचाच असेल, तर कोळशासारखा काळा लावण्यापेक्षा गडद तपकिरी लावावा. चेहरा मवाळ झालेला असतो, त्याभोवती काळी चौकट कर्कश वाटते.

साडी विकत घेताना ती दुकानाच्या दारात नेऊन बघण्याची आपल्या आयांची सवय अगदी शास्त्रशुद्ध होती. दुकानातला एलईडीचा उजेड आणि सूर्याचा उजेड दिसायला दोन्ही पांढरे, पण त्यांत मिसळलेल्या रंगांचा मसाला वेगळा असतो. आत वांगी वाटलेली साडी बाहेर चॉकलेटी निघू शकते. मुलगा कुरकुरला तरी चालेल.

राहता राहिला आपला डोळा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा-जांभळा उजेड अडवायला लागतं. त्यामुळे गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो, आणि फिकट जांभळा राखाडी वाटतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांत मोतीबिंदूच्या काळात तांबूस-तपकिरी रंग दाटत गेले होते. १९२३ साली ऑपरेशन झाल्यावर त्याला निळं अधिक दिसू लागलं. आपल्याकडेही ऑपरेशन झालेल्या बायका सांगतात, की भिंती एकदम पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि आकाश नव्यानं निळं झालं. तोपर्यंत निळ्या-काळ्याचा निवाडा करायला नातीला किंवा सुनेला जवळ बसवावं. आणि ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, की एका सकाळी खिडकी उघडून सगळं कपाट पुन्हा एकदा गळ्याशी धरून बघावं. 'ही फार मळखाऊ आहे' म्हणून तळाशी ढकललेली एखादी साडी चक्क मोरपंखी निघते.